व्यावसायिक पूर्वानुमानाचे अध्यापन आणि कापसाचा हिशेब : सेलू परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गात 'कालश्रेणीचे विश्लेषण' आणि त्यास जोडून 'व्यावसायिक पूर्वानुमान' ही प्रकरणे अनेक वर्षांपासून शिकविली जातात. फळ्यावर एखाद्या काल्पनिक साखर कारखान्याचे सात वर्षांचे उत्पादन लिहावयाचे, मधल्या वर्षास शून्य मानावयाचे, लघुतम वर्ग पद्धतीने सरळ रेषेचे समीकरण काढावयाचे आणि त्यात पुढील वर्ष घालून अंदाज वर्तवावयाचा, असा या अध्यापनाचा ठरीव क्रम आहे. उत्तर जुळले की गुण मिळतात. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात हे प्रकरण शिकविताना मागील बाकावरील एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, मग त्या वर्षी उत्पादन खरेच तेवढे झाले का?" वर्गात हशा पिकला. कारखानाच काल्पनिक असल्याने त्या प्रश्नास उत्तर नव्हते. परंतु प्रश्न योग्य होता, आणि पूर्वानुमानशास्त्राच्या इतिहासात तोच मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

प्रस्तुत लेखात दोन गोष्टींचा शोध घेतला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतील पूर्वानुमानाचे सिद्धांत मुळात कोठून आले व त्यांचे पुढे काय झाले, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी की, ज्या प्रदेशात आपण हा विषय शिकवितो तेथे पूर्वानुमानाची स्वतःची कोणती परंपरा होती व ती वर्गापर्यंत का पोहोचली नाही. उदाहरणासाठी परभणी जिल्ह्यातील सेलू हे गाव घेतले आहे. मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. त्यावर परतूर आणि मानवत रोड यांच्या दरम्यान असलेले सेलू कापसाची बाजारपेठ म्हणून वाढले. मोंढा, जिनिंग-प्रेसिंग आणि महाविद्यालय ही तिन्ही येथे एकाच गावात आहेत. पूर्वानुमान शिकविण्यास याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल.

पाच सिद्धांतांचे मूळ

बी.कॉम.च्या संख्याशास्त्रावरील प्रचलित भारतीय पाठ्यपुस्तकांत व्यावसायिक पूर्वानुमानाचे साधारणतः पाच सिद्धांत दिलेले असतात : क्रमिकता अथवा कालांतराचा सिद्धांत, क्रिया-प्रतिक्रियेचा सिद्धांत, आर्थिक लयीचा सिद्धांत, विशिष्ट ऐतिहासिक साधर्म्याचा सिद्धांत आणि छेदात्मक विश्लेषणाचा सिद्धांत. प्रत्येकास एक परिच्छेद, त्याखाली गुणदोष. ते कोणी मांडले, कधी मांडले, कोणत्या हेतूने मांडले, याचा उल्लेख बहुधा नसतो. त्यामुळे हे सिद्धांत न्यूटनच्या नियमांप्रमाणे कालातीत आहेत असा विद्यार्थ्यांचा समज होतो.

योगायोग असा की त्यांपैकी एक सिद्धांत खरोखरच न्यूटनच्या नावावर उभा होता. अमेरिकेत रॉजर बॅब्सन या गृहस्थाने 1904 साली मॅसॅच्युसेट्समध्ये सांख्यिकी माहिती विकणारी संस्था काढली. प्रत्येक क्रियेस तितकीच व विरुद्ध प्रतिक्रिया असते हा गतिनियम त्याने व्यापारास लावला. तेजीच्या काळात सामान्य रेषेच्या वर जितके क्षेत्रफळ भरते, तितकेच क्षेत्रफळ पुढील मंदीत रेषेखाली भरले पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. 'क्रिया-प्रतिक्रिया सिद्धांत' म्हणून आपण जो शिकवितो तो हाच. (या गृहस्थाचा न्यूटनवरील लोभ इतका दांडगा होता की पुढे 1948 मध्ये त्याने गुरुत्वाकर्षणाच्या संशोधनासाठी स्वतंत्र प्रतिष्ठानच स्थापन केले.)

कालांतराच्या सिद्धांताचे सर्वांत प्रसिद्ध रूप हार्वर्ड विद्यापीठात घडले. तेथील आर्थिक संशोधन समितीचे काम 1917 मध्ये सुरू झाले व वॉरन पर्सन्स हा त्याचा प्रमुख सूत्रधार होता. 1919 मध्ये पर्सन्सने कालश्रेणीचे चार घटक वेगळे करण्याची पद्धत मांडली : दीर्घकालीन प्रवृत्ती, हंगामी बदल, चक्रीय बदल आणि अनियमित बदल. आपला विद्यार्थी आज परीक्षेत लिहितो ते हेच चार घटक होत. त्यांतून पहिले दोन वजा केल्यावर उरणाऱ्या चक्रीय हालचालींचे हार्वर्डच्या मंडळींनी तीन वक्र काढले : सट्टा, व्यापार आणि नाणेबाजार. सट्टा आधी हलतो, व्यापार त्यामागून जातो आणि नाणेबाजार शेवटी, असा क्रम त्यांना दिसला. उर्वरित सिद्धांतही त्याच काळातील व्यापारी अंदाज-सेवांच्या विचारपद्धतींची वर्गीकृत नावे आहेत. थोडक्यात, ज्यांस आपण सिद्धांत म्हणतो त्या मुळात वर्गणी घेऊन पत्रके पाठविणाऱ्या संस्थांच्या कार्यपद्धती होत्या.

त्या संस्थांची परीक्षा 1929 साली झाली. बॅब्सनने सप्टेंबर 1929 मध्ये कोसळण्याचा इशारा दिला होता व तो खरा ठरला. मात्र हाच इशारा तो बराच काळ देत आला होता, हेही विसरता येत नाही. हार्वर्डच्या सेवेने ऑक्टोबरमधील पडझडीनंतरही, 1920-21 सारखी तीव्र मंदी संभवत नाही, असे नोव्हेंबर 1929 मध्ये वर्गणीदारांना कळविले. पुढील मंदी 1920-21 पेक्षा कितीतरी खोल गेली आणि दोन-तीन वर्षांतच ती सेवा आटोपली. येल विद्यापीठातील अर्व्हिंग फिशर या थोर अर्थशास्त्रज्ञाने पडझडीच्या अवघे काही दिवस आधी भाव कायमच्या उंच पातळीवर पोहोचल्याचे मत दिले होते. त्यात त्याची स्वतःची संपत्तीही गेली.

या अनुभवातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. आल्फ्रेड कॉल्स या गुंतवणूकदाराने भाकीत करणाऱ्यांची भाकिते गोळा करून ती प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याचे ठरविले. त्याचा निबंध 1933 मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आला. त्यात 16 वित्तीय सेवांच्या सुमारे 7,500 शिफारशी तपासल्या होत्या. या शिफारशींप्रमाणे चालणाऱ्यास सर्वसाधारण समभागांच्या सरासरीपेक्षाही किंचित कमीच मिळाले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. मागील बाकावरील विद्यार्थ्याचा प्रश्न कॉल्सने सर्वप्रथम पद्धतशीरपणे विचारला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे मात्र पद्धती आल्या आणि परीक्षा आली नाही. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय 1913 साली सुरू झाले, पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय 1943 साली. मराठवाडा त्या काळात निजामाच्या राज्यात होता आणि येथील उच्च शिक्षण 1918 साली स्थापन झालेल्या, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेले होते. 1948 च्या मुक्तीनंतर परिस्थिती पालटली. 1958 मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ आणि 1994 मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. सेलूचे नूतन महाविद्यालय आज या दुसऱ्या विद्यापीठाशी संलग्न आहे. या सर्व स्थित्यंतरांत माध्यम बदलले, विद्यापीठ बदलले, परीक्षापद्धती बदलली. पूर्वानुमानाचे प्रकरण मात्र 1920 च्या दशकातील अमेरिकी वर्गीकरण घेऊन तसेच राहिले. प्रथम इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून ते आले व नंतर त्यांच्या मराठी रूपांतरांतून. रूपांतर करताना माणसांची नावे व 1929 साल गळून पडले असावे, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे.

कापसाचा अंदाज : कोलंबियापासून वऱ्हाडापर्यंत

अमेरिकेतील अंदाज-सेवा शेअर बाजाराभोवती वाढल्या असल्या, तरी सांख्यिकी पूर्वानुमानाचा एक आद्य ग्रंथ कापसावर आहे, ही बाब आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील हेन्री मूर याने 1917 मध्ये कापसाचे उत्पादन व भाव यांच्या पूर्वानुमानावर पुस्तक प्रसिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात याच विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे येथे सहज आठवते. अमेरिकेचे कृषी खाते हजारो वार्ताहरांकडून पिकाची स्थिती 'सामान्य' पिकाच्या किती टक्के आहे ते मागवून अंदाज जाहीर करीत असे. मूरने पर्जन्यमान व तापमान यांच्या आधारे प्रतीपगमन समीकरणे मांडली आणि ती खात्याच्या अंदाजापेक्षा सरस असल्याचे दाखविले. महत्त्व त्याच्या समीकरणांना आहेच. त्याहून अधिक महत्त्व या गोष्टीला आहे की त्याने दोन्ही अंदाज प्रत्यक्ष उत्पादनासमोर ठेवून दोहोंची चूक मोजली. (पुढे मूरला आठ वर्षांच्या आर्थिक चक्राचे कारण शुक्र ग्रहात दिसू लागले, तो भाग वेगळा.)

हिंदुस्थानातही नेमकी हीच समस्या होती. सरकारी पीक-अंदाज 1884 साली गव्हापासून सुरू झाले आणि पुढे कापसासारख्या व्यापारी पिकांना लागू झाले. त्यांचे सूत्र तीन संख्यांच्या गुणाकाराचे होते : पेरणीचे क्षेत्र, 'सर्वसाधारण' उतारा आणि आणेवारी. शेवटची संख्या गावपातळीवरील महसुली कर्मचाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असे. सोळा आणे पीक म्हणजे काय, याची व्याख्या प्रांताप्रांतात निरनिराळी होती. काही ठिकाणी बारा आणेच सर्वसाधारण मानले जात. अमेरिकी वार्ताहराचे 'सामान्य पीक' आणि आपल्या पटवाऱ्याचे 'सोळा आणे' यांतील संदिग्धता एकाच जातीची होती. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता होता. आणेवारीवर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असल्याने हा आकडा केवळ अंदाज राहत नसे. त्यात कोणाचे तरी हित गुंतलेले असे.

कापसाच्या बाबतीत मात्र या अंदाजाची चूक लपून राहणे कठीण होते. ज्वारी घरात खाल्ली जाते, कापूस बहुतांशी विकला जातो. तो जिनात जातो, गाठीत बांधला जातो, रेल्वेने मुंबईस पोहोचतो, गिरणीत अथवा जहाजात दिसतो. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी वजन करतो व वहीत नोंदवितो. 1917 साली नेमलेल्या हिंदी कापूस समितीच्या अहवालानंतर 1921 मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि 1923 च्या अधिकर कायद्याने तिला वैधानिक रूप मिळाले. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रेस कारखान्यांस दाबलेल्या गाठींचे विवरण देणे बंधनकारक झाले. निर्यात, गिरण्यांचा वापर आणि गिरण्यांबाहेरील वापर यांची बेरीज करून 'व्यापारी पीक' काढावयाचे व ते सरकारी अंदाजाशेजारी छापावयाचे, असा शिरस्ता पडला. सरकारी अंदाज वारंवार कमी ठरत असल्याचे त्यातून उघड झाले. स्वतःच्या अंदाजाची चूक वर्षानुवर्षे छापणे ही शासनव्यवस्थेत सुलभ गोष्ट नव्हे.

यावर उपाय शोधण्याचे काम प्रामुख्याने दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या नावाशी निगडित आहे. विनायक गोविंद पानसे हे इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसावर काम करीत होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. ते भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. यादृच्छिक निवडीने शेते घ्यावीत, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखावा, तेथील पीक प्रत्यक्ष काढून तोलावे, ही पीककापणी प्रयोगाची पद्धत 1940 च्या दशकात भारतात रुजली. कापसासाठी पानसे व रा. ज. काळमकर यांनी मोठ्या क्षेत्रावर अशी सर्वेक्षणे केली. गव्हाच्या तुलनेत कापसाचे काम अधिक चिकाटीचे होते, कारण कापूस एकदा कापून मोकळे होता येत नाही. पहिली, दुसरी, तिसरी अशा वेचण्या होतात आणि प्रत्येक वेचणीस त्याच तुकड्यावर पुन्हा जाऊन तोल करावा लागतो. पानसे व सुखात्मे यांचा कृषी संशोधनासाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरील ग्रंथ 1954 मध्ये आला व कृषी महाविद्यालयांत तो प्रमाण मानला गेला.

येथेच आपल्या विद्याशाखांतील भिंत दिसते. कृषी पदवीधर पानसे-सुखात्मे वाचून बाहेर पडला. वाणिज्य पदवीधर बॅब्सनचा अनामिक सिद्धांत पाठ करून बाहेर पडला. 1972 साली परभणीस कृषी विद्यापीठ झाले. सेलू व परभणी यांच्यातील अंतर रेल्वेने फार नाही. तरी कापसाच्या पूर्वानुमानाची विद्या या विद्यापीठाकडून वाणिज्याच्या वर्गात आल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

चुकीची कबुली : मोसमी पावसाचे उदाहरण

कापसाआधी पाऊस येतो, आणि पावसाच्या पूर्वानुमानाचा इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना 1875 ची. ब्लॅनफर्डने हिमालयातील बर्फाच्या आधारे 1886 पासून हंगामी अंदाज देण्यास सुरुवात केली. पुढे गिल्बर्ट वॉकरने त्यास सहसंबंध व प्रतीपगमनाची बैठक दिली. 1988 पासून डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रतिमान वापरात आले. 1988 नंतरची बारा-तेरा वर्षे देशाचा मोसमी पाऊस एकंदरीत सर्वसाधारण राहिला व प्रतिमानाची कीर्ती वाढली. 2002 साली सरासरीच्या 101 टक्के पावसाचा अंदाज होता, प्रत्यक्षात 81 टक्के झाला. खात्याने 2003 मध्ये ते प्रतिमान बदलले.

गोवारीकरांचा उल्लेख आपल्याकडे अभिमानाने होतो व तो योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्यास शिकविण्याजोगा भाग 2002 चा आहे. अंदाज आधी जाहीर झाला होता, तो संख्येत होता आणि प्रत्यक्षाची संख्याही त्याच मापात उपलब्ध होती. म्हणून चूक किती झाली हे सांगता आले, आणि म्हणूनच सुधारणा करता आली. अक्षय्य तृतीयेस बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे होणाऱ्या घटमांडणीचे भाकीत वृत्तपत्रे दरवर्षी ठळकपणे छापतात. मागील वर्षीचे भाकीत शेजारी छापून तपासल्याचे सहसा दिसत नाही. वाणिज्य शाखेतील आपले अध्यापन या दोहोंपैकी कशास जवळचे आहे, याचा विचार अध्यापकांनी करावा.

मोंढ्यातील पूर्वानुमान

1972 च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि सुमारे तीन दशके ती या ना त्या स्वरूपात राहिली. या काळात भावाचा अंदाज बांधण्याचे ओझे शेतकऱ्यावरून बरेचसे उतरले होते. योजनेच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. आपल्या विषयापुरते इतकेच की, नव्या शतकाच्या आरंभी योजना मागे पडली, त्याच सुमारास 2002 मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली, 2003 मध्ये वस्तूंचे राष्ट्रीय वायदे बाजार सुरू झाले, आणि कापूस केव्हा विकावा हा प्रश्न पुन्हा कुटुंबाच्या अंगणात आला.

2021-22 च्या हंगामात कापसाच्या भावाने क्विंटलला 10 हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या वर्षी मध्यम धाग्याचा हमीभाव 5,726 रुपये होता. पुढील हंगामात मराठवाडा-विदर्भातील असंख्य शेतकऱ्यांनी गतवर्षीचा भाव पुन्हा येईल या आशेने कापूस घरात साठविला. भाव तेथवर गेला नाही. 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत तो सात-आठ हजारांच्या आसपास रेंगाळला आणि खाली येत गेला. राहत्या खोलीत छतापर्यंत भरलेला कापूस, त्याचे घटणारे वजन, पिवळा पडणारा रंग, घरातील माणसांच्या अंगाला सुटणारी खाज आणि दुकानदाराची वाढत जाणारी उधारी, हे सारे आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांनी घरी पाहिले आहे. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हा 'विशिष्ट ऐतिहासिक साधर्म्याचा सिद्धांत' होता. तो वापरणाऱ्या कुटुंबातील मुलगा परीक्षेत त्याच सिद्धांताचे पाच गुणांचे उत्तर लिहून आला असेल. या दोन गोष्टींचा संबंध त्याला कोणी दाखविला नसेल.

हा संबंध दाखविणे कठीण नाही. मध्यम धाग्याच्या कापसाचे जाहीर हमीभाव घेऊ. 2018-19 पासून 2022-23 पर्यंत ते अनुक्रमे 5,150, 5,255, 5,515, 5,726 व 6,080 रुपये होते. लघुतम वर्ग पद्धतीने सरासरी 5,545.2 व वार्षिक वाढ 233.1 येते. यावरून 2023-24 चा अंदाज सुमारे 6,245 रुपये निघतो. येथवर पाठ्यपुस्तक संपते. आता प्रत्यक्ष पाहू. 2023-24 चा हमीभाव 6,620 रुपये जाहीर झाला. अंदाज सुमारे 375 रुपयांनी कमी पडला. त्याच रेषेवर 2025-26 चा अंदाज 6,711 रुपये येतो; प्रत्यक्ष भाव 7,710 रुपये. चूक जवळजवळ एक हजाराची. आता समीकरण बाजूस ठेवून, पहिल्या व शेवटच्या वर्षातील फरकास चाराने भागून तो शेवटच्या भावात मिळवला, तर 2023-24 साठी 6,312.50 रुपये येतात व चूक 307.50 वर उतरते. अर्ध्या मिनिटाचा हा हिशेब लघुतम वर्ग पद्धतीपेक्षा येथे सरस ठरला. याउलट, गेल्या वर्षीचाच भाव राहील असे मानले असते तर चूक 540 रुपयांची झाली असती.

एका उदाहरणावरून पद्धतींची प्रतवारी लावता येत नाही, हे उघड आहे. शिवाय हमीभाव हा शासनाने ठरविलेला भाव. त्यात बाजारातील तेजी-मंदी उतरत नाही. तरी साध्या पद्धती अवघड पद्धतींच्या तोडीस उतरतात, हा अनुभव जगभरचा आहे. स्पायरोस माक्रिडाकिस व त्याच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये 1001 कालश्रेणींवर निरनिराळ्या पद्धतींची स्पर्धा घेतली तेव्हा हेच आढळले. ही स्पर्धा, किंवा होल्ट व विंटर्स यांची 1957 ते 1960 मधील एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगची पद्धत, वर्गात आली तर उत्तमच. परंतु त्याआधी चूक मोजण्याचा एक स्तंभ तक्त्यात वाढविला, तरी विषयाचे रूप पालटेल. प्रश्नपत्रिकेत 'अंदाज काढा' यापुढे 'प्रत्यक्षाशी ताडून पाहा व फरकाची कारणे द्या' एवढे वाक्य घालण्यास कोणत्याही विद्यापीठाची अभ्यास मंडळे समर्थ आहेत.

त्यासाठी लागणारी सामग्री गावातच आहे. बाजार समितीत दररोजची आवक व किमान-कमाल भाव नोंदले जातात. 2000 साली सुरू झालेल्या 'अॅगमार्कनेट' या केंद्र शासनाच्या उपक्रमामुळे देशभरच्या बाजारांचे असे भाव एकत्र मिळू लागले. महसूल खाते दरवर्षी खरिपाची पैसेवारी हंगामी, सुधारित व अंतिम अशा टप्प्यांनी जाहीर करते. एकाच पिकाचा तीनदा सुधारलेला अंदाज, तोही आपल्याच तालुक्याचा आणि शासकीय शिक्क्याचा, संख्याशास्त्राच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल? हंगामी व अंतिम पैसेवारीतील दहा वर्षांचा फरक मांडणे हा पदवी स्तरावर उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

मोंढ्यातील भाव समजून घेण्यास मात्र समीकरणाखेरीज व्यवहाराचे ज्ञान लागते. मुंबईत रुईचा भाव सुमारे 356 किलोच्या खंडीस बोलला जातो, येथे कापसाचा भाव क्विंटलला ठरतो. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी. त्यामुळे जिनवाला कापसास काय देईल हे रुईइतकेच सरकीच्या भावावर व रुईच्या उताऱ्यावर ठरते. सरकीची पेंड महागली तर रुईचा भाव स्थिर असूनही कापूस वधारतो. केवळ रुईच्या वायद्याकडे पाहून केलेला अंदाज येथे फसतो. ही गोष्ट अडत्याच्या मुलास ठाऊक असते; ती शिक्षकाने त्याच्याकडून शिकून घेण्यास संकोच वाटू नये.

जुनी कालश्रेणी जुळविताना तर इतिहासाची जाण अपरिहार्य ठरते. निजामाच्या राज्यातील आकडे फसली सनात आहेत व त्यात सुमारे 590 मिळविल्याखेरीज इसवी सन हाती येत नाही. फसली वर्ष व कापसाचा हंगाम यांच्या सीमा जुळतातच असे नाही. 1947 च्या फाळणीने सिंध व पंजाबातील कापसाचा मोठा प्रदेश देशाच्या आकडेवारीतून वजा झाला. गाठीचे मापही बदलले. जुने सरकारी अंदाज 400 रत्तलाच्या, म्हणजे सुमारे 181 किलोच्या गाठीत आहेत. आजची गाठ 170 किलोची धरली जाते. हा फरक न ओळखता दोन काळांतील गाठी एका तक्त्यात मांडल्या, तर कापसाचे एकही बोंड न वाढता उत्पादन सहा-सात टक्क्यांनी वाढलेले दिसेल, आणि लघुतम वर्ग पद्धती त्या वाढीस निमूटपणे 'दीर्घकालीन प्रवृत्ती' म्हणेल.